साडेचार मीटरचं फाटक

माझ्या नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा लिहिलेला आकडा २१५ आहे. त्याच्या आधी बहुतेक वेळा २.४ येतो. ‘२.४ बाय २१५’ एवढं लिहून मी सही केली की कुठल्या तरी शेतकऱ्याच्या घरी त्या संध्याकाळचा चहा कडू होतो.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातल्या एका कौन्सिलमध्ये मी रस्त्यांच्या विभागात आहे. कुणाला शेतातून रस्त्यावर नवीन वाट काढायची असली, की त्या अर्जाची प्रत आमच्याकडे मतासाठी येते. परवानगी द्यायची की नाही हे नियोजन अधिकारी ठरवतो. आम्ही फक्त सांगायचं, इथून गाडी बाहेर काढणं धोक्याचं आहे की नाही. त्याची रीत अशी : रस्त्याच्या कडेपासून २.४ मीटर आत उभं राहायचं आणि दोन्ही बाजूंना किती लांबचं दिसतं ते मोजायचं. रस्त्याची मर्यादा ताशी ६० मैल असेल तर डावीकडे २१५ मीटर दिसलं पाहिजे, उजवीकडे २१५ मीटर दिसलं पाहिजे. फाटक साडेचार मीटरचं, आणि त्यापायी चारशे तीस मीटर मोकळी नजर.

या ६० मैलांचीही एक गंमत आहे. इथं गाव संपलं की पांढऱ्या गोल पाटीवर एक तिरकी काळी रेघ दिसते. तिचा अर्थ, इथून पुढे राष्ट्रीय मर्यादा. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ती ६०. ही पाटी रुंद रस्त्याला असते आणि दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला शंभर पावलं मागे सरकावं लागतं अशा चिंचोळ्या रस्त्यालाही तीच असते. तिथं ६० नं जाणारा माणूस पहिल्या वळणापर्यंतच जाईल. पण तक्ता तो तक्ता.

अशा रस्त्याला इथले लोक ‘लेन’ म्हणतात. मी पहिल्यांदा डेव्हनमधल्या लेनमध्ये गाडी घातली तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘अगं बाई, ही तर पाणंद!’ दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे मातीचे बांध, बांधांना दगडांची चिणाई, माथ्यावर हेजल, हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, हॉली यांची गचपण, आणि मधून शेकडो वर्षांच्या चाकांनी खाली खाली गेलेली वाट. आमच्याकडच्या पाणंदीला निवडुंग, निरगुडी, घाणेरी असते आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. इथं डांबर आहे एवढाच फरक. एप्रिलमध्ये या बांधांवर पिवळट प्रिमरोज फुलतात आणि मी कामाच्या गाडीची काच खाली करून निम्म्या वेगानं जाते.

तर गेल्या काही वर्षांतला हा एक अर्ज. जागा ब्लॅकडाउन हिल्समधली, म्हणजे डेव्हन आणि सॉमरसेटच्या सीमेवरचा डोंगराळ पट्टा. तो १९९१ पासून संरक्षित निसर्गसौंदर्याचा प्रदेश आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात देशातल्या अशा सगळ्या प्रदेशांची ओळख ‘नॅशनल लँडस्केप’ अशी झाली, तेव्हा आम्ही म्हटलं, पाट्या बदलतील, दुसरं काय. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात कायद्यातलं एक वाक्यही बदललं. आधी सरकारी यंत्रणेनं त्या प्रदेशाचं सौंदर्य ‘लक्षात घ्यायचं’ होतं, आता ते जपण्या-वाढवण्यासाठी ‘झटायचं’ आहे. लक्षात घेतलं असं फायलीत लिहिणं सोपं असतं. झटलो हे दाखवावं लागतं.

अर्ज सहा एकरांच्या एका कुरणासाठी होता. कुरणाला रस्त्याकडून जुनी खिंड होती, पण वळणाच्या आतल्या बाजूला, चढावर, आणि जेमतेम अडीच मीटर रुंद. घोड्याच्या गवतगाडीसाठी कधीतरी ठेवलेली. आजचा ट्रॅक्टर मागे गवताचे गठ्ठे लादलेली ट्रॉली घेऊन तिथून वळूच शकत नाही. अर्जदार बाईंना तिथून साठेक मीटर पुढे, रस्ता जरा सरळ होतो तिथं, नवीन फाटक हवं होतं.

आपल्याकडच्या वाचकाला वाटेल, स्वतःच्या शेताला स्वतःच्या खर्चानं फाटक लावायला परवानगी कशाला? मलाही सुरुवातीला वाटायचं. इथला नियोजनाचा कायदा १९४७ चा. आज चालतो तो १९९० चा, पण हाडं तीच. त्यात शेती हा ‘विकास’ धरलेला नाही. कुरण नांगरून गहू पेरा, गहू मोडून पुन्हा कुरण करा, नियोजन खातं विचारायला येणार नाही. पण वर्गीकृत रस्त्यावर उघडणारी वाट काढली की तो विकास. आणि वर्गीकृत रस्ता म्हणजे हमरस्ताच असं नाही. मधोमध गवत उगवलेली एखादी लेनही ‘क’ वर्गात नोंदलेली असते. शिवाय रस्त्याकडेचा गवताचा पट्टा बहुधा रस्ता खात्याकडे असतो, तो ओलांडायला वेगळी परवानगी. आणि शेवटी बांधावरचं कुंपण. १९९७ च्या नियमांनुसार तीस वर्षांहून जुनं कुंपण काढायचं तर आधी कळवावं लागतं, आणि अधिकाऱ्यांना बेचाळीस दिवस मिळतात ते ‘महत्त्वाचं’ आहे की नाही हे ठरवायला. तीस मीटरच्या तुकड्यात सरासरी सात जातींची झाडंझुडपं निघाली, तर तेवढ्यानं ते महत्त्वाचं ठरतं.

झाडं मोजण्यामागे मॅक्स हूपर नावाच्या संशोधकाचा एक अंदाज आहे. तीस यार्ड कुंपणात जितक्या जाती, साधारण तितकी शतकं त्याचं वय. अंदाजच तो, कुठं जमतो कुठं फसतो. पण मी त्या लेनमध्ये टेप धरून चालले तेव्हा हेजल, हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, हॉली, फील्ड मेपल, अॅश, स्पिंडल अशी बोटं मुडपत गेले आणि सातव्या बोटावर जराशी थांबले. म्हणजे हा बांध घातला तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता, ज्ञानेश्वरांच्याच काळाच्या आसपास कुणीतरी इथं टोपल्यांनी माती वाहत होतं. आणि माझ्या हातातल्या कागदावर २१५ लिहिलेलं.

त्या आकड्याचा अर्थ जागेवर गेल्याशिवाय कळत नाही. नजर मोकळी करायची म्हणजे नजरेआड येणारं काढायचं. म्हणजे साडेचार मीटरच्या फाटकापायी शंभर-दीडशे मीटर बांध उखडायचा. शेतकरी मागतो एक दार, आणि पूर्ण भिंत पाडायला सांगते मी. फाटकामुळे परिसराचं सौंदर्य बिघडेल अशी पत्रं शेजारी लिहितात, पण खरं बिघडवणारा माणूस फायलीच्या आत बसलेला असतो, पिवळं जाकीट घातलेला. (त्यातही एक विनोद आहे. नकाशावर डोळ्याची उंची १.०५ मीटर धरतात, मोटारीत बसलेल्या माणसाची. ट्रॅक्टरवाला त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच बसतो. शेताच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्याचा हिशेब आम्ही मोटार धरून करतो.)

शेजाऱ्यांची पत्रं मात्र वाचण्यासारखी असतात. अर्ज आला की एक कागद प्लास्टिकमध्ये घालून जागेवर बांधतात आणि लोकांना हरकतीला एकवीस दिवस देतात. या कुरणावर दहा-बारा हरकती आल्या. बहुतेकांचा सूर एकच : आज फाटक, उद्या खडी, परवा शेड, तेरवा घर. त्यांची भीती अगदीच पोकळ नाही, असं चढत जाणारे लोक मी पाहिले आहेत. पण कायद्यानं समोर आलेल्या अर्जाचा विचार करायचा असतो, अर्जदाराच्या मनातल्या पुढच्या अर्जाचा नाही. एका पत्रात लिहिलं होतं की लेनमधून जाताना ते कुरण कधीच दिसत नाही, आणि ते न दिसणं हेच त्या लेनचं सौंदर्य आहे. हे वाक्य मला आवडलं. त्याला फायलीत कुठं बसवायचं ते कळलं नाही.

परिसरतज्ज्ञाचा अहवाल आला तेव्हा प्रकरण आणखी वाढलं. बांधाखाली हेजलच्या कवच्या सापडल्या होत्या, एका बाजूला गोल, गुळगुळीत काठाचं भोक पाडून आतला गर खाल्लेल्या. अशी कवची म्हणजे डॉरमाउसची सही. अंगठ्याएवढा सोनेरी उंदीर. हिवाळाभर जमिनीलगत पालापाचोळ्यात मुटकुळं करून झोपतो आणि उन्हाळ्यात फांद्यांवर राहतो, जमिनीवर उतरत नाही म्हटलं तरी चालेल. तो संरक्षित आहे, त्याचा निवारा मोडायला नॅचरल इंग्लंड या संस्थेचा परवाना लागतो. आणि कुंपण दोनदा काढावं लागतं. तो खाली झोपलेला असताना थंडीत वरचं हातानं छाटायचं, बुंधे तसेच ठेवायचे. मग तो वसंतात जागा होऊन उघड्या जागेतून शेजारच्या झाडोऱ्यात निघून गेला की मे महिन्यात बुंधे खणायचे. एका उंदरासाठी दोन ऋतू. मला याचं हसू यायचं. हल्ली येत नाही.

अजून एक हिशेब. २०२४ पासून बांधकामाच्या परवानगीबरोबर निसर्गाची दहा टक्के भर घालून दाखवावी लागते. अगदी लहान कामांना सूट आहे, पण कुंपणासारखी पट्टीतली जागा पाच मीटरच्या आत मोडत असेल तरच. साडेचार मीटरचं फाटक या सुटीत बसतं. माझ्या २१५ सकट बसत नाही.

हे सगळं घेऊन मी जागेवर गेले. अर्जदार बाई आधीच आल्या होत्या. साठीच्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात थर्मास. आम्ही जुन्या खिंडीत उभ्या राहिलो. मी विचारलं, सध्या तुम्ही कुरणात कुठून जाता? त्यांनी वर बोट दाखवलं. टेकाडावर दगडी घर, मोठं अंगण, दोन गोठे. ‘भावाच्या अंगणातून.’

वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं. घर, गोठे, वरची शेतं भावाला. खालचं सहा एकराचं कुरण मुलीला. जमीन लिहून दिली, वाट लिहायची राहिली, किंवा भावंडं आहेत, वाट काय लिहायची, असं म्हातारबाबांना वाटलं असेल. दोन वर्षं ठीक चाललं. मग अंगणात ट्रॅक्टर आला की कुत्री भुंकतात, मग चाकांनी चिखल होतो, मग एके दिवशी अंगणाच्या फाटकाला साखळी. बाई हे सांगताना तक्रारीच्या सुरात बोलत नव्हत्या. हवामान सांगावं तसं सांगत होत्या. ‘हे अर्जात लिहू का, असं सल्लागाराला विचारलं, तर तो म्हणाला, उपयोग नाही.’

सल्लागार बरोबर बोलला होता. खाजगी हक्कांची भांडणं नियोजनाच्या तराजूत घालत नाहीत. त्या फायलीत उंदराला सतरा पानं होती, बांधावरच्या झाडांना नऊ, वाऱ्याच्या दिशेसारखी शेजाऱ्यांची मतं होती, माझे आकडे होते. भाऊ नव्हता.

माझ्या डोक्यात दुसरी एक फाइल उघडली होती.

सातारा जिल्ह्यात आमची कालव्याखालची जमीन. अण्णा आणि काका यांची वाटणी झाली तेव्हा रस्त्याकडची बाजू काकांना गेली, आतली अण्णांना. बांधावरून गाडी जाईल, हे तोंडी ठरलं. बैलगाडी होती तोवर गेलीही. मग ऊस आला, मग ट्रॅक्टर आला, मग काकांचा थोरला मुलगा दरवर्षी नांगर बांधाला एक वीत जास्त घासू लागला. बांध कोरणं हा आमच्याकडचा सगळ्यांत मुका गुन्हा. तीन-चार वर्षांत बांधावरून माणूस चालला तर तोल जाईल अशी गत झाली. तोडीला टोळी आली की आत ट्रक जाईना. मोळ्या डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणायच्या म्हणून मुकादम वरचे पैसे मागायचा, आणि तोडही शेवटाला लागायची.

अण्णांनी तहसीलदारांकडे अर्ज केला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४३ : दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागण्याचा हक्क. असलेली वाट कुणी अडवली तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा लागतो आणि सहा महिन्यांत जावं लागतं. आमची वाट अडवलेली नव्हती, झिजवलेली होती, म्हणून १४३. हे कलमांचे नंबर मला दहावीत पाठ होते, पायथागोरसच्या आधी.

स्थळपाहणीला जीप आली. तलाठी, सर्कल, कोतवाल, पंच, दोन्हीकडचे वकील, अर्धं गाव. टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं, कारण घरातलं मोठं कुणी धरलं असतं तर काका म्हणाले असते मोजणी चुकवली, आणि मी पोर, माझ्यावर कुणाचा संशय नव्हता. पंचनामा बाभळीच्या सावलीत बसून लिहिला. त्याची प्रत अजून घरी आहे. कोण किती वर्षं कुणाच्या शेतातून गेला, कुणाच्या बैलानं कुणाचं पीक तुडवलं, आजोबा वारले तेव्हा कोण काय बोललं, पंचाच्या आईची साक्षसुद्धा त्यात आहे. त्या सबंध पंचनाम्यात झाड एकच, आणि तेही खुणेपुरतं : ‘बोरीपासून पूर्वेस’. निकाल लागला, दोन्हीकडून चार-चार फूट, मिळून आठ फुटांची वाट. महिन्याभरात जेसीबीनं बांध सपाट केला. करवंदीची जाळी गेली, निरगुडी गेली, बाभळी गेल्या, बोरही गेली. बोर गेल्यावर ‘बोरीपासून पूर्वेस’ म्हणजे कुठं, यावर पुढचं अपील चाललं.

मापं मात्र दोन्हीकडची एकमेकांच्या ओळखीची आहेत. आमच्याकडे गावनकाशावरची पायवाट सव्वाआठ फुटांची धरतात. सव्वाआठ का? कारण मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची, त्याचा तो पाव. तेहेतीस गुणिले तेहेतीस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठे म्हणजे एकर. आणि इथली एडमंड गंटरची साखळी, सतराव्या शतकातली, सहासष्ट फुटांची, आमच्या साखळीची बरोबर दुप्पट. इंग्लिश एकर आपल्या गुंठ्यांत इतका चोख बसतो तो यामुळे. साहेबानं साखळी आणली, बांधावरचं हेजल मोजायची सवय तेव्हा त्यालाही नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर तर इथं सरकारनंच पैसे देऊन मैलच्या मैल कुंपणं काढायला लावली, शेतं मोठी व्हावीत म्हणून. १९९७ चे नियम ते पाहिल्यानंतरचे आहेत.

मी त्या कुरणाच्या अर्जावर ‘धोका, नामंजूर करावा’ असं लिहू शकले असते. कुणी विचारलंही नसतं. त्याऐवजी वेगाची मोजणी मागवली. रस्त्यावर रबरी नळ्या टाकून आठवडाभर प्रत्येक गाडीचा वेग नोंदवतात. शंभरातल्या पंचाऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो वेग धरतात. तो निघाला तिसाच्या आसपास. पाटीवर ६०, चाकांवर ३०. तिसाला ४३ मीटर पुरतात. सरळ भागात एका बाजूला गवताचा पट्टा रुंद होता, तिथं नुसतं गवत कापून नजर मिळत होती. दुसऱ्या बाजूला अकरा मीटर बांध आड येत होता. तो उखडून टाकण्याऐवजी मुळांसकट उचलून दीड मीटर मागे बसवायचा. त्याबदल्यात वळणावरची जुनी खिंड कायमची बुजवायची, त्याच दगडांची चिणाई, त्याच जातींची रोपं.

परवानगी मिळाली, अटींसह. फाटक रस्त्यापासून बारा मीटर आत, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यात न थांबता उतरून फाटक उघडता येईल. फाटक आतल्या बाजूलाच उघडावं. चाकांचा चिखल रस्त्यावर येऊ नये म्हणून पुढचा तुकडा पक्का. कुरणातलं पाणी रस्त्यावर येता कामा नये. डांबराला निसर्गसौंदर्यवाल्यांचा विरोध, खडीला माझा, त्यावर तीन आठवडे ई-मेल. ते सांगत नाही. बाईंचं अर्जापासून फाटकापर्यंत दीड वर्ष गेलं आणि खर्च इतका झाला की त्या हसून म्हणाल्या, एवढ्यात भावाला अंगण पक्कं करून दिलं असतं.

एक गोष्ट मी अहवालात लिहिली नाही आणि लिहिणारही नव्हते. आमच्याकडे १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतका हिस्सा आहे, आणि २००५ पासून देशभर. अण्णा गेल्यावर मी पंधरा दिवसांसाठी गावी गेले होते. तेराव्यानंतर दादा मला तालुक्याला घेऊन गेला. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो, अंगठा, सही. हक्कसोडपत्र. दादानं कधी जबरदस्ती केली नाही, विचारलंसुद्धा नाही, फक्त कागद तयार होता. परत येताना त्यानं दुकानासमोर गाडी थांबवून पैठणी घेतली. वहिनीनं ओटी भरली. ज्या आठ फुटांसाठी मी टेप धरला होता, ती वाट त्यानंतर माझ्या नावावरून कुठेच जात नाही.

गेल्या ऑक्टोबरात दुसऱ्या एका कामासाठी त्या लेनमधून गेले. जुनी खिंड ओळखूच येईना. दगडांवर शेवाळ धरायला लागलं होतं, आणि वर हॉथॉर्न-हेजलच्या काठीएवढ्या रोपांची रांग, प्रत्येकाभोवती नळकांडं. नवीन फाटकाशी गाडी थांबवली. बाई आत होत्या, कुंपणाच्या खांबाला तार ओढत. फाटकाचं कडी-कुलूप दाखवलं, मागे सरकवलेल्या बांधाला फुटलेले कोंभ दाखवले. भाऊ अजून खाली आलेला नव्हता. मग थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला आणि विचारलं, तुमच्याकडे शेती आहे का, भारतात?

मी म्हटलं, आहे. भावाकडे.

‘मग तुम्ही जाता तेव्हा आत कुठून जाता?’

‘त्याच्या अंगणातून,’ मी म्हटलं.